घड्याळजीचं मशीन

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे खटपट्या म्हणतात. वय अडुसष्ट. चौतीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली. निवृत्त झाल्यावर माणसं देवाच्या नाहीतर डॉक्टरच्या नादी लागतात, हा जुन्या कॉम्प्युटरच्या नादी लागला. जुने म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीचे, घरगुती, टीव्हीला जोडून चालवायचे. कीबोर्डच्या पोटातच सगळं मशीन. त्यांना जादा मेमरी बसव, मागे नवीन कार्ड लाव, त्यांच्यासाठी प्रोग्राम लिही, हेच त्याचं दिवसभर चालतं. मी एकदा म्हटलं, "अरे, माझ्या फोनमध्ये ह्याच्या लाखपट ताकद आहे."

"असेल," तो म्हणाला. "पण फोनच्या पोटात काय चाललंय ते तुला कळतं का, ताई? ह्याच्या पोटातलं मला सगळं कळतं."

मी आयुष्यभर कॉलेजात गणित शिकवलेली बाई; फोन पिशवीत टाकला आणि खाली आले.

आम्ही दोघं एकाच घरात राहतो. तो वर, मी खाली. त्याची बायको गेली, माझं लग्न झालं नाही, त्यामुळे भांडायला एकमेकांशिवाय कुणी नाही. वरच्या खोलीत तीन टीव्ही, दोन टेबलं आणि सोल्डरिंगचा वास. दर रविवारी सकाळी त्याच्यासारखेच चारपाच जण येतात. त्यांतला एक दाताचा डॉक्टर आहे. तो स्वतःच्या दवाखान्यातली बारीक हत्यारं घेऊन येतो आणि सर्किटमधली घाण खरवडून काढतो. "पेशंट ओरडत नाही, केवढं सुख!" असं दर रविवारी न चुकता म्हणतो आणि दर रविवारी स्वतःच हसतो.

खटपट्याचा एक उपदेश सगळ्यांना पाठ होता: आधी बॅटरी काढा. ह्या मशीनच्या जादा मेमरीच्या कार्डावर घड्याळाची एक चिप असते आणि तिच्यासाठी बोटाच्या पेराएवढी निळी बॅटरी. मशीन बंद ठेवलं की ती बॅटरी काही वर्षांनी पाझरते. हिरवा चिकट द्रव हळूहळू सर्किटमधल्या तांब्याच्या रेघा खातो. कुणी नवीन मशीन घेऊन जिन्यात दिसला की हा वरूनच ओरडायचा, "बॅटरी काढलीत का?" नमस्कार नंतर.

आता घड्याळजीबद्दल. तो खटपट्याचा वीस वर्षांपासूनचा मित्र. बाजाराच्या रस्त्यावर त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने बाहेर थांबावं एवढंच. माणूस मोजकं बोलणारा, पण बोलला तर टोचून बोलणारा. खटपट्या कधी पाच मिनिटं उशिरा पोचला तर म्हणायचा, "तुला उघडून साफ करायला हवं."

ह्या दोघांनी मिळून एक गोष्ट केली होती, आणि ती खरोखर चांगली होती. घड्याळजीच्या मशीनला मागून जोडायचा एक छोटा डबा खटपट्याने बनवला. डब्यावर माइक. त्यावर मनगटी घड्याळ ठेवायचं. मशीन टिकटिक ऐकणार आणि पडद्यावर रेघ काढून दाखवणार, की हे घड्याळ दिवसाला किती सेकंद पुढे जातं किंवा मागे पडतं. डबा खटपट्याचा, प्रोग्राम घड्याळजीचा. प्रोग्राम लिहायला तो वयाच्या पन्नाशीत शिकला, पुस्तक मांडीवर घेऊन. दुकानात येणारं प्रत्येक घड्याळ आधी त्या माइकवर जायचं.

तीन वर्षांपूर्वी घड्याळजीला पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. दुकान बंद झालं. त्याची बायको मशीन आमच्याकडे घेऊन आली आणि खटपट्याला म्हणाली, "भाऊजी, घरात पलंग लावलाय, जागा नाही. तुमच्याकडे सुखरूप राहील."

खटपट्याने ते चादरीत गुंडाळलं आणि माळ्यावर ठेवलं. बॅटरी काढली नाही.

का नाही काढली? मी त्याला नंतर हजार वेळा विचारलं. ह्या मंडळींचा एक अलिखित नियम आहे, की मालक हयात असताना त्याच्या माघारी त्याच्या मशीनला स्क्रू-ड्रायव्हर लावायचा नाही. खटपट्या म्हणाला, "मला वाटलं, तो उठेल आणि स्वतः उघडेल. मी उघडलं असतं तर तो उठणार नाही असं मीच ठरवल्यासारखं झालं असतं." असली शहाण्याला न शोभणारी अंधश्रद्धा, आणि तीही टेलिफोन खात्यातल्या माणसाची. मी चिडले. पण खरं सांगायचं तर मला ती समजली.

घड्याळजी उठला, पण अर्धाच. डाव्या हाताने जेवू लागला, काठीने न्हाणीघरापर्यंत जाऊ लागला. पाचसहा शब्द परत आले. हो, नाही, ने, थांब, बरोबर. डोक्यात सगळं जागच्या जागी होतं, फक्त तोंडातून बाहेर येत नव्हतं. मग त्याच्या बायकोचा फोन आला.

"ताई, भाऊजींना सांगा, ते मशीन हवंय त्यांना. रोज खुणा करतात. घड्याळं दुरुस्त नाही करता येणार, पण निदान तपासता तर येतील. सकाळी उठायला माणसाला काही कारण लागतं हो."

खटपट्या खूश होऊन माळ्यावर चढला. खाली उतरून त्याने मशीन उघडलं आणि मला हाक मारली. हाक ऐकूनच मी स्वयंपाक टाकून वर गेले. आत हिरवी बुरशी आल्यासारखं दिसत होतं. कार्ड गेलं होतंच, द्रव ओघळून खालच्या मुख्य बोर्डवर उतरला होता.

दाताचा डॉक्टर आला, भिंग लावून पाहिलं. त्या दिवशी तो हसला नाही. "मुळापर्यंत गेलंय," म्हणाला. "ह्याला आता काढून टाका आणि कवळी बसवा."

कवळी म्हणजे काय ते मला सांगावं लागलं. आजकाल ह्या हौशी लोकांनी जुन्या मशीनची हुबेहूब नक्कल करणारा नवा छोटा बोर्ड बनवलाय. जुन्याच खोक्यात बसतो. कीबोर्ड तोच, पडदा तोच, प्रोग्राम तेच, मागे जोडायचे डबेही तेच. बाहेरून कुणाला कळत नाही.

"त्याला सांगतो आधी," खटपट्या म्हणाला.

आणि इथे मी बोलले. "काय सांगणार? तुझी वस्तू मी कुजवली? त्या माणसाला उठून बसायला तीन वर्षं लागली. बसव नवीन आणि दे नेऊन. मशीन चालल्याशी मतलब."

"पण त्याचं नाहीये ते, ताई."

"त्याला काय कळणार आहे!"

हे वाक्य माझं आहे. खटपट्याचं नाही, डॉक्टरचं नाही. इथे लिहून ठेवते.

खटपट्याने बोर्ड बसवला आणि मशीन नेऊन दिलं. घड्याळजीने कीबोर्डवरून नुसता डावा हात फिरवला, असं खटपट्याने येऊन सांगितलं. सांगताना तो माझ्याकडे पाहत नव्हता.

नऊ दिवसांनी त्याच्या बायकोचा फोन आला. बाई रडत होत्या.

"ताई, ह्यांचं काहीतरी बिघडलंय. पहिल्याच दिवशी स्वतःचं मनगटी घड्याळ लावलं त्याच्यावर, तर ते खूप पुढे जातंय म्हणून दाखवलं. त्या एका हाताने उघडलं हो त्यांनी ते. नको नको म्हणाले मी. आतली स्प्रिंग वाकली. चाळीस वर्षं हातात होतं ते घड्याळ. मग माझं लावलं, भिंतीवरचं लावलं, शेजाऱ्यांचं मागून आणलं. सगळी नऊ सेकंद पुढे. तेव्हापासून नुसते कागदावर आकडे लिहितात, खोडतात, परत लिहितात. काल मला जवळ बोलावून डोक्यावर बोट ठेवलं आणि 'नाही' म्हणाले. डोकं गेलं, असं म्हणायचं होतं त्यांना. जेवत नाहीत."

फोन स्पीकरवर होता. खटपट्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसला होता. "नऊ," तो म्हणाला, आणि फोन ठेवल्यावर मला कारण सांगितलं.

ह्या मशीनचा ठोका एका लहानशा स्फटिकावर चालतो. घड्याळजीच्या मशीनमधला स्फटिक जरा उतावळा होता, दिवसाला नऊ सेकंद पुढे धावायचा. ह्या दोघांनी रेडिओवरच्या वेळेच्या टोल्यांशी आठ दिवस ताडून ते शोधून काढलं होतं, आणि घड्याळजीने प्रोग्राममध्ये एक ओळ घातली होती, नऊ सेकंदांची दुरुस्ती करणारी. नव्या बोर्डचा ठोका अचूक. त्याला दुरुस्तीची गरजच नव्हती, पण ती ओळ प्रोग्राममध्ये तशीच होती. म्हणून प्रत्येक घड्याळ नऊ सेकंद पुढे दिसत होतं.

घड्याळजीने काय विचार केला असेल ते मला लख्ख दिसलं, कारण मीही तोच केला असता. मशीन तेच. प्रोग्राम तोच. माइक तोच. सगळ्या जगाची घड्याळं एकदम नऊ सेकंद चुकणार नाहीत. मग बदललं काय? फक्त मी.

"ऊठ," मी म्हटलं.

"काय सांगू त्याला?"

"जे त्या दिवशी सांगणार होतास ते. मी येते बरोबर."

मी गेले, कारण एकटा गेला असता तर तो कोपऱ्यावरून परत फिरला असता. मेलेला बोर्ड त्याने पुठ्ठ्याच्या खोक्यात घेतला होता.

घड्याळजी खिडकीजवळच्या टेबलाशी बसला होता. दाढी वाढलेली. टेबलभर कागद, प्रत्येकावर तोच गुणाकार, डाव्या हाताच्या लहान मुलासारख्या अक्षरात. गुणाकार सगळे बरोबर होते. मी तपासले, सवयच आहे.

खटपट्या उभ्याउभ्याच बोलला. "ते नऊ सेकंद तुझे नाहीत. मशीनचे आहेत. हे तुझं मशीन नाही. तुझं माझ्याकडे कुजलं. मी बॅटरी काढली नाही. आत नवा बोर्ड घातला आणि तुला सांगितलं नाही."

घड्याळजीने डावा हात पुढे केला. खटपट्याने बोर्ड दिला. घड्याळजीने डोळ्याला भिंग लावलं आणि बोर्ड एका कडेपासून पाहायला सुरुवात केली. दहा मिनिटं तरी पाहत होता. बायको दारात पदर तोंडाशी धरून उभी.

"बॅटरी," घड्याळजी म्हणाला. स्पष्ट. हा शब्द त्याच्या पाचसहांत नव्हता.

मग त्याने कीबोर्ड ओढला, एका बोटाने प्रोग्राममधली ती ओळ शोधली आणि नऊच्या जागी शून्य केलं. बायकोचं घड्याळ मागून घेतलं, माइकवर ठेवलं. पडद्यावर रेघ आली, सरळ, जवळजवळ आडवी, म्हणजे ना पुढे, ना मागे. तो त्या रेघेकडे पाहत राहिला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तोंड हसत होतं, अर्ध्या बाजूनेच, तेवढंच हलतं त्याचं. स्वतःच्या कपाळावर बोट ठेवून म्हणाला, "बरोबर. बरोबर."

"बरोबर आहे हो सगळं!" बायको रडतरडत म्हणाली. "मी सांगत नव्हते?"

मला वाटलं, मिटलं. मी खुर्चीसुद्धा ओढली बसायला.

घड्याळजी खटपट्याकडे वळला. हसू गेलं होतं. "तू," म्हणाला. पुढचा शब्द येईना. आम्ही थांबलो. ओठ हलत होते, मानेची शीर ताठली होती.

"तू काय?" बायकोने हळूच विचारलं. "बसा म्हणताय भाऊजींना?"

त्याने टेबलावर मूठ आपटली. कागद खाली पडले. "तू," परत म्हणाला. "तू..."

शब्द आला नाही. विश्वासघातकी म्हणायचं होतं, की गाढव, की का रे असं केलंस, देव जाणे. खटपट्या हात बांधून उभा होता, शिक्षेला उभा केल्यासारखा, आणि त्याला शिक्षा मिळत नव्हती. शेवटी घड्याळजीने मशीनची वायर उपटली आणि ते टेबलाच्या कडेला सरकवलं.

"ने."

"अहो, आता हिशेब जमतोय ना," बायको म्हणाली. "राहू दे की."

"ने."

खटपट्याने मशीन काखेत घेतलं. मेलेला बोर्ड उचलायला हात पुढे केला, तेव्हा घड्याळजीने तोही त्याच्या अंगावर ढकलला. बाहेर रस्त्यावर मी म्हटलं, "चूक माझीही होती, हे सांगायला हवं होतं मी आत." खटपट्या म्हणाला, "तू माझी बहीण आहेस, ताई. त्याचा मित्र मी होतो."

ह्याला सात आठवडे झाले. त्या घराचं दार आमच्यासाठी बंद आहे. खटपट्याने रविवारची बैठक बंद केली. दाताच्या डॉक्टरला तेवढं वर येऊ देतो. दोघं मिळून तो कुजलेला बोर्ड आणि ते कार्ड जिवंत करायला बसलेत. खाल्लेल्या प्रत्येक रेघेच्या जागी केसासारखी तार. एक्क्याऐंशी रेघा तुटल्यात म्हणे. दिवसाला दोन होतात, कधी एकही नाही, कधी कालची आज निघून येते. मी जेवायला हाक मारते, तो येतो, मुकाट्याने जेवतो, परत जातो. "चालू झालं तर तो घेईल का?" हे मी विचारलेलं नाही. त्याला माहीत असतं तर त्याने सांगितलं असतं.

मंगळवारी दुपारी फोन वाजला. घड्याळजीची बायको. आवाज जपून.

"ताई, ह्यांनी कागदावर लिहून दिलंय. 'कोणती चिप?' एवढंच. मला काही कळत नाही. तुम्हाला कळतंय का?"

दाताच्या डॉक्टरने ह्या दुरुस्तीबद्दल कुठेतरी तोंड उघडलं असणार. मी जिन्यातून ओरडले. खटपट्या दोन दोन पायऱ्या उतरत आला, अडुसष्टाव्या वर्षी, आणि फोन हातात घेतला.

"वहिनी, घड्याळाची चिप मेली," तो म्हणाला. "मेमरीच्या दोन मेल्या. मुख्य मोठी चिप वाचली असं वाटतंय, पण अजून वीज देऊन पाहिलेली नाही. चव्वेचाळीस रेघा झाल्या." मग त्याला धीर धरवेना. "आहे का तो तिथे?"

"आहेत. ऐकतायत."

"काही म्हणतोय?"

मग काठी जमिनीवर टेकल्याचा आवाज आला, आणि वहिनी म्हणाल्या, "मान हलवली. पुढचं सांगा म्हणतात."

खटपट्या जिन्याला टेकून सांगायला लागला, कोणती रेघ कुठून कुठे जाते, कोणती कशी जोडली, कोणती अजून राहिली. वीसेक मिनिटं एकटाच बोलत होता. शेवटी तिकडून फोन ठेवला गेला. "या" असं कुणी म्हणालं नाही. तो वर गेला आणि मी दुपारचा चहा त्याच्या टेबलावर नेऊन ठेवला. त्याने मान वर केली नाही. पंचेचाळिसावी रेघ चालली होती.