अंगावर आलेलं डुक्कर

माझं शुद्धलेखन चुकतं. वेलांट्या मी अंदाजाने देते, आणि अक्षर कोंबडीने पाय ओढल्यासारखं येतं. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. ही वही कुणाच्या हाती लागली तर त्याने माफ करावं. चारजणांत बोलायला मला जमत नाही, म्हणून लिहून ठेवते.

ऐंशीनंतरची वर्षं होती. आम्ही परदेशात, सनीव्हेलला, एका अपार्टमेंटमध्ये राहत होतो. हे कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात मशीनवर होते. मी घरी लोकांची मुलं सांभाळायची. भाऊजी, म्हणजे यांचे धाकटे भाऊ, आमच्याकडेच राहायचे. गावी एकटे काय करतील, त्यांनाही बोलावून घ्या, असा हट्ट मीच यांच्याकडे धरला होता. ते आल्यापासून घरात हसणं आलं. हे मोजकं बोलणारे, मी त्याहून मोजकं. भाऊजी मात्र सकाळी चहाचा कप हातात घेतल्यापासून सुरू व्हायचे.

त्यांनी एक जुनी रायफल विकत घेतली होती. रविवारी माझ्या जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून तिला तेल देत बसायचे.

"वहिनी," एकदा म्हणाले, "या घरात दोघीच कधी आवाज करत नाहीत. ही आणि तुम्ही."

"तिच्यावर कुणी खेकसत नाही," मी म्हटलं. त्यावर हेसुद्धा हसले होते.

आमच्या कोकणात रानडुकराची पारध मोठ्या मानाची. जे मटणालासुद्धा नाक मुरडतात, तेही रानडुकराचा वाटा घरी आला की भाकऱ्या भाजायला बसतात. पाळलेलं डुक्कर मात्र कुणी शिवणारसुद्धा नाही. हा फरक इथेही आमच्या ओळखीच्यांनी सोडला नव्हता. दुकानात पोर्क मांडलेलं असायचं, त्या फ्रीजपाशी आमच्यातलं कुणी थांबत नसे. म्हणून भाऊजींनी रानडुकराच्या शिकारीची गोष्ट काढली तेव्हा सगळ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. होलिस्टरच्या पलीकडे एका गोऱ्या म्हाताऱ्याचं रँच होतं. रानडुकरं त्याची कुरणं उकरून टाकतात, तो पैसे घेऊन शिकारीला येऊ देतो, असं भाऊजी म्हणाले. घरटी साठ डॉलर. आमचे साठ मी माझ्या डब्यातून दिले.

बरोबर दोन घरं येणार होती. एक साताऱ्याचे काका-काकू, आमच्याहून मोठे. दुसरं नागपूरचं जोडपं, ज्यांची मुलगी मी सांभाळायची. ती नागपूरची बाई मुलीला घ्यायला आली तेव्हा दारातच तिने विचारलं, "मावशी, पण खरंच रानातलं ना? नाहीतर माझ्या सासूबाईंना कळलं तर मला घरात घेणार नाहीत."

"भाऊजी म्हणतात म्हणजे असणारच," मी म्हटलं. इतक्या खात्रीने मी सहसा काही बोलत नाही.

पानगळीच्या दिवसांत आम्ही पहाटे निघालो. तिथले डोंगर पिवळे, उघडे, आणि मधूनमधून ओकची काळी झाडं. त्या झाडांखाली जमीन उकरलेली पाहून मला माहेरचं रान आठवलं. रँचच्या म्हाताऱ्याने हात केला, भाऊजींशी दोन शब्द बोलला आणि आपल्या शेडकडे निघून गेला. भाऊजींनी पायवाट दाखवली.

निघताना साताऱ्याचे काका म्हणाले, "थांबा. वहिनी, तुमच्याकडे पारधीच्या आधी गाऱ्हाणं घालतात ना? घाला की."

"ते पुरुष घालतात," मी म्हटलं.

"इथे कोण बघतंय? यांना येत नाही, त्यांना येत नाही. तुम्हीच घाला."

मी यांच्याकडे पाहिलं. हे जमिनीकडे पाहत होते. मग काय झालं कोण जाणे, मी पदर डोक्यावर घेतला, काकूंच्या पिशवीतला नारळ एका ओकच्या बुंध्याशी ठेवला आणि वडिलांच्या तोंडून ऐकलेलं गाऱ्हाणं म्हणू लागले. "बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरं तुझ्या रानात इली हत..." प्रत्येक ओळीला सगळे म्हणायचे, "व्हय म्हाराजा!" त्यात भाऊजींचा आवाज सगळ्यांत मोठा होता. माझा आवाज त्या डोंगरात इतका लांब जाईल असं मला वाटलं नव्हतं. परमुलखातल्या त्या राखणदार देवाला मी सांगितलं, ही माणसं दूरवरून आली आहेत, त्यांना रिकाम्या हाताने पाठवू नकोस.

मग बायका मागे उभ्या राहिल्या आणि पुरुषांनी हाकारा सुरू केला. नागपूरचा माणूस पातेलं बडवत होता. थोड्या वेळात झुडपांतून डुक्कर बाहेर आलं. काळं, पाठीवर राठ केस, अंगाने भरलेलं. हाकाऱ्याने जनावर पुढे पळतं. हे थांबलं, पातेल्याच्या आवाजाकडे वळलं आणि सरळ आमच्या दिशेने दुडक्या चालीने येऊ लागलं.

"अंगावर आलं! अंगावर आलं!" साताऱ्याचे काका ओरडले. काकू किंचाळून गाडीकडे पळाल्या. मीसुद्धा पळाले. चवताळलेलं डुक्कर माणसाची मांडी फाडतं हे मी लहानपणी पाहिलेलं होतं. भाऊजी मात्र जागचे हलले नाहीत. त्यांनी गुडघा टेकला, रायफल खांद्याला लावली आणि ते अगदी जवळ येऊ दिलं. एकच गोळी.

सगळ्यांनी भाऊजींना उचलून घेतलं. काका म्हणत होते, "अरे, काळीज म्हणायचं का काय हे! पोरगा हलला नाही, यार!" हेसुद्धा भावाच्या पाठीवर थाप मारत होते. मला इतका अभिमान वाटला की मी पुढे होऊन भाऊजींच्या तोंडावरून हात ओवाळला आणि कानशिलावर बोटं मोडली. ते माझ्याकडे न पाहता हसले.

सोलायला, कापायला पुष्कळ वेळ गेला. डोकं वेगळं काढताना मला दिसलं की उजव्या कानाच्या कडेला दोन त्रिकोणी खाचा होत्या. कुत्र्यांनी कधी फाडला असेल, असं मनाशी म्हटलं. रक्ताचे हात धुवायला नळ शेडच्या मागे होता, तिकडे गेले.

शेडमागे जाळीचं कुंपण होतं. आत आठ-दहा डुकरं. तशीच काळी, तशीच राठ केसांची. प्रत्येकाच्या उजव्या कानाला दोन त्रिकोणी खाचा. कुंपणाचं फाटक उघडं होतं, त्याला आडवी फळी लावलेली होती, आणि तिथून चिखलात एकाच जनावराच्या खुरांचे ठसे डोंगराकडे गेले होते. खाण्याच्या डोणीपाशी एक पत्र्याची बादली आणि डुकरांना खाण्याला बोलावताना तिच्यावर आपटायला लाकडाचा दांडा. मी जवळ गेले तशी एक डुकरीण पुढे आली आणि तिने माझ्या ओल्या हाताला नाक लावलं.

पातेल्याचा आवाज ऐकून ते का वळलं, ते मला तिथे उभ्याउभ्या कळलं.

मागे वळले तर भाऊजी उभे होते. हात धुवायलाच आले असतील.

"वहिनी, बोलू नका हं कुठे," ते हळूच म्हणाले. "खरी रानटी मिळायला चार-चार दिवस हिंडावं लागतं. रानात सोडलं की रानडुक्करच ना ते?"

"आणि साठ साठ डॉलर?"

"म्हाताऱ्याला थोडे दिले. बाकीचे गाडीच्या हप्त्याला. परत करीन की. मी कुठे पळून चाललोय?"

"मी गाऱ्हाणं घालत होते," मी म्हटलं. "तुम्ही व्हय म्हाराजा म्हणत होतात."

त्यांनी नळ सोडला आणि हात चोळत बसले.

मी परत आले तेव्हा गाडीच्या मागच्या फळीवर वाटे घातलेले होते. साताऱ्याचे काका पाठ करून उभे होते आणि आमच्याकडच्यासारखाच वाटपाचा खेळ चालला होता. नागपूरचा माणूस एका वाट्यावर बोट ठेवून विचारायचा, "हा कुणाचा?" काका न पाहता नाव घ्यायचे.

"हा कुणाचा?"

"शिकाऱ्याचा!"

"आणि हा?"

"गाऱ्हाण्यावाल्या वहिनींचा! मोठा निघाला का? बघा, देव पावला!"

सगळे हसले. नागपूरच्या बाईने माझा वाटा प्लॅस्टिकच्या पिशवीत भरला आणि माझ्यापुढे धरला. मी हात पुढे केला नाही.

"हे पाळलेलं आहे," मी म्हटलं. "शेडमागे बाकीची आहेत. कुणी खाऊ नका."

कुणाला आधी कळलंच नाही. भाऊजी तोवर आले होते. ते हसून म्हणाले, "वहिनी मघाशी घाबरल्या ना, अजून भीती उतरलेली नाही." मी यांच्याकडे पाहिलं. वाटलं, हे एवढं तरी म्हणतील की चला, जाऊन बघू. हे म्हणाले, "तिचं काय मनावर घेता? चौथी शिकलेली बाई. तिला इथल्या जनावरांतलं काय कळतंय?"

काका शेडमागे गेले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी सगळ्या पिशव्या उचलून जमिनीवर टाकल्या. काकू गाडीत बसून तोंड धूत होत्या, जशा काही त्यांनी खाल्लंच होतं. नागपूरची बाई मात्र माझ्यासमोर उभी राहिली.

"मावशी, मी तुम्हाला विचारलं होतं. तुमच्या शब्दावर आलो आम्ही. तुम्ही तर देवालासुद्धा मध्ये घेतलंत."

‘मलाही आत्ताच कळलं’, हे मी म्हणायला हवं होतं. पण माझं दिवसभराचं बोलणं मघाच बोलून संपलं होतं.

परतताना भाऊजी मागच्या सीटवर झोपले. निदान डोळे मिटून होते. मी यांना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"त्याची नड होती," हे म्हणाले. "तुला सांगितलं असतं तर तू आली नसतीस. आणि तू आली नसतीस तर ते कुणी आले नसते."

म्हणजे मला त्यासाठी नेलं होतं. लोक भाऊजींवर विश्वास ठेवणार नाहीत, हे दोघा भावांना ठाऊक होतं. माझ्यावर ठेवतील, हेही ठाऊक होतं. तोवर मी समजत होते की मला मान दिला.

महिन्याभरात भाऊजींना दुसऱ्या राज्यात, चँडलरला, काम मिळालं आणि ते गेले. जाताना वाकून पाया पडले. पैशाचं नाव काढलं नाही. दोन-तीनदा मी यांच्याकडे विषय काढला. "देईल तो. आणि लोक विसरलेसुद्धा," एवढंच उत्तर. लोक विसरले नव्हते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. दुकानात काकू भेटल्या तर तांदळाच्या पोत्यांकडे वळायच्या. नागपूरची बाई मुलीला माझ्याकडे सोडायची, कारण दुसरी सोय नव्हती, पण दारातूनच जायची.

मी आणखी एक तान्हं मूल सांभाळायला घेतलं. यांना म्हटलं नाही कशासाठी. पुरेसे पैसे जमले तेव्हा साताऱ्याच्या काकूंच्या घरी चालत गेले आणि साठ डॉलर घातलेलं पाकीट त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उघडून पाहिलं, "बरं," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

नागपूरच्या बाईला हातात द्यायला मला धीर होईना. म्हणून पुढच्या शुक्रवारी ती माझे आठवड्याचे पैसे द्यायला लागली, तर मी म्हटलं, "राहू दे. तुमच्या साठातून वळते करून घ्या."

"कुठल्या साठातून?"

"शिकारीच्या."

तिने पैसे पर्समध्ये ठेवले आणि गेली. तसेच दोन शुक्रवार गेले. मधल्या दिवसांत आमच्यात मुलीच्या खाण्या-झोपण्यापलीकडे बोलणं नव्हतं. मग एका शुक्रवारी ती चपला काढून आत आली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

"मावशी, भाऊजींनी यातले किती दिले?"

"काही नाही."

"आणि तुमच्या यजमानांनी?"

मी मान हलवली. ती सोफ्यावर बसली, ज्यावर भाऊजी झोपायचे. मुलीचे मोजे उलटसुलट करत राहिली.

"म्हणजे तुम्हालाही तिथेच कळलं," ती म्हणाली.

"हो. हात धुताना."

तिने पर्समधून या आठवड्याच्या नोटा काढल्या, तीन वेगळ्या करून स्वतःकडे ठेवल्या आणि उरलेल्या माझ्या हातात दिल्या.

"आता साठ पुरे झाले," ती म्हणाली. "या तुमच्या."