परसातली विहीर आणि परशुरामाचा बाण

गोव्यात, आमच्या पेडण्यातल्या परसात विहीर खणायला बेळगावकडचा एक माणूस आला होता. लांबून पाणी आणून माझी कंबर मोडली होती. तो हातभर खणला की माती जिभेवर ठेवून बघायचा, खारट लागते का. एके दिवशी शिंपले निघाले. आता पाणी खारटच लागणार, असं मला वाटलं.

मामंजी मात्र खूश. "परशुरामान बाण मारून दर्यो मागे सारलो, ही तेची खूण!"

हायस्कुलातली माझी मुलगी म्हणाली, "आजोबा, बाण ही नुसती कल्पना. समुद्र हजारो वर्षांत हळूहळू हटला."

दोघांची जुंपली. तेवढ्यात तो खणणारा विहिरीतून ओरडला, "समुद्र गेला, हे तरी दोघांना कबूल हाय न्हवं? मग नारळ आणा. झरा फुटलाय, पाणी गोड हाय!"

दोघं अजून भांडतात. घसा सुकला की एकाच तांब्यातलं पाणी पितात.