लाली घालवणारे थेंब

अक्काच्या दोन्ही डोळ्यांत वडस होता. नाकाकडच्या कोपऱ्यातून बुबुळाकडे सरकलेलं गुलाबी मांस. तिचा उभा जन्म धुळ्याकडच्या कपाशीच्या शेतात, उन्हात गेला. तिकडे कितीतरी बायकांच्या डोळ्यांत वडस असतो आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाही. मला मात्र थोरल्या बहिणीचे ते लालभडक डोळे बघवत नसत. शिवाय मी पडलो जळगावकर, पिंप्राळ्यात राहणारा. मला सगळंच कळतं!

मेडिकलवाल्याला विचारलं. त्याने एक बाटली दिली, म्हणाला, लाली जाईल. आठ दिवसांत गेलीच. मग पाच वर्षं मी तेच थेंब तिला पुरवत राहिलो. एरवी ती स्वतः टाकायची, पण रविवारी मी गेलो की ओट्यावर बसून माझ्यासमोर मान वर करायची. "तुना हातना थेंब पडना का डोया थंडगार व्हई जास," म्हणायची. मी फुशारून जायचो. डॉक्टरला दाखवावं, हे एकदाही सुचलं नाही. लाली नव्हती ना!

गेल्या वर्षी ती चहा कपाबाहेर ओतायला लागली. दाराच्या चौकटीवर खांदा आपटायला लागली. तेव्हा कुठे तिला धुळ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं, माझ्या हातातली बाटली पाहिली आणि अक्काला बाहेर बसायला सांगितलं. उन्हाने आलेला वडस काढता आला असता, म्हणाले. पण या थेंबांत स्टिरॉइड आहे, इतकी वर्षं टाकून डोळ्यांच्या आतला दाब वाढला. काचबिंदू. उजवा डोळा गेलाच होता, डाव्याला फक्त समोरचं तेवढं दिसत होतं.

"गेलेली नजर परत येत नाही," ते म्हणाले. "हे टाकायला सांगितलं कोणी?"

स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. बाहेर येऊन मी अक्काला सांगितलं, ऊन बाधलं.

उरलेली नजर राखायला नवे थेंब सुरू झाले. रविवारी तेही मीच टाकायचो. ती तशीच मान वर करायची, मी थेंब टाकून लगेच उठायचो. आज सांगू, उद्या सांगू करत महिने काढले. भित्रा मी, दुसरं काय?

मागच्या रविवारी शेजारीण आली. तिच्या डोळ्यांत तसाच वडस, तशीच लाली. "अक्काले दिधी ती लालीनी बाटली माले बी लई येजो, भाऊ," म्हणाली.

"नाही आणणार," मी म्हणालो. ती हटेना. अक्काच हसत म्हणाली, "लई दे ना रे तिले! मना भाऊ डॉक्टरपेक्षा भारी शे."

मग मात्र मला राहवेना. "त्याच थेंबांनी तुझे डोळे गेले, अक्का. ऊन बाधलं नव्हतं. मी खोटं बोललो."

शेजारीण खाली बघत राहिली. मी अक्काचे पाय धरले, तिने ते हळूच मागे घेतले. मग चाचपडत जवळच ठेवलेली नव्या थेंबांची बाटली उचलली आणि शेजारणीपुढे धरली.

"ले वं, आते तूच टाक."

आणि तिच्याकडे वळून मान वर केली.