थेंब चालवणारी वैशू

फोन आला तेव्हा मी नांदुऱ्याच्या बाजारात वांग्यांचे क्रेट उतरवत होतो. ‘दादा, वैशालीमॅडम गेल्या...’ तिच्या सहकारी बाई एवढंच बोलू शकल्या. वैशू माझी धाकटी बहीण, चिखलीच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायची. महिना झाला, तरी आमच्या पिंपळगाव राजात लोक विचारतात, ‘तुही बहीण नेमकं करे काय बे?’ मी छाती फुगवून सांगतो, ‘लोहचुंबकानं थेंब चालवे!’

गंमत नाही हो. मोहरीएवढ्या थेंबात लोखंडाची अगदी बारीक भुकटी घालायची, खालून लोहचुंबक सरकवला की थेंब मुकाट मागं येतो. रक्ताचा थेंब औषधाच्या थेंबापाशी न्यायचा, दोन्ही एक झाले की चुंबक गरगर फिरवायचा. आतली भुकटी रवीसारखी घुसळते. तान्ह्या लेकराचं नळीभर रक्त कशाला काढता? एका थेंबात तपासणी व्हावी, तीही लॅब कधी न पाहिलेल्या माणसाच्या हातानं, हा तिचा हट्ट. पुण्याचे तिचे सर म्हणायचे, ‘वैशाली, हे फक्त तुझ्याच हातानं चालतं.’ ते तिला फार लागायचं.

थेंब चिकटू नये म्हणून महागड्या काचेऐवजी तिनं आमच्या मळ्यातलं धोप्याचं, म्हणजे अळूचं, पान लावलं, वड्या करतात तेच. सर घरी बघायला आले आणि थेंब जागचा हलेना! वैशूचा चेहरा उतरला.

‘माय, पानाले काय केलं वं?’

‘काई नाई. पावने येऊन राह्यले म्हून फडक्यानं रगडून पुसले. वड्याईले नाई का पुसत?’

पानावरचा मेणासारखा थर मायनं पार घालवला होता. दुसरी कोणी असती तर रडली असती. ही बया पोट धरून हसली, मळ्यात पळाली, ताजं पान आणलं... थेंब सुसाट! काय अभिमान वाटला म्हणून सांगू! सर मात्र जाताना पुन्हा तेच बोलले, ‘तुझ्याच हातानं चालतं.’

परवा तिचं सामान आणायला मायला घेऊन चिखलीला गेलो. वैशू गेल्यापासून माय रडलीच नव्हती, त्याची मला धास्ती होती. सहकारी बाईंनी वैशूचं यंत्र मांडलं, मायचं बोट टोचलं, थेंबात भुकटी घातली आणि चुंबक मायच्याच हाती दिला. शाळेचं तोंड न पाहिलेली माझी माय! तिनं तो हळूच सरकवला. तिच्या रक्ताचा थेंब निघाला, औषधाच्या थेंबाला जाऊन मिळाला, चुंबक गरगर फिरवताच रंग बदलला.

‘काकू, झाली तपासणी,’ बाई म्हणाल्या.

मायनं चुंबक छातीशी धरला अन् हंबरडा फोडला... ‘वैशे, चाललं वं बाई, माह्या हातानं चाललं!’