खिळ्यावरचं घड्याळ

पडद्यापलीकडून कुणीतरी “चाची, जरा बाहर आइए” म्हणालं, तेव्हा मी भाकरी थापत होते. बोईसरच्या आमच्या घड्याळाच्या दुकानात मला पुढे कुणी कधी बोलावलं नव्हतं, आणि गिऱ्हाईक असताना मी पडदा ओलांडत नसे. पिठाच्या हातांनीच गेले. हे टेबलावर डोकं टेकून बसले होते, डोळ्याला लावायचं भिंग मुठीत... हे गेले, त्याला आता दीड महिना झाला.

पुढे दुकान, मागे आमची एक खोली. खोलीला खिडकी नाही. मी माकुणसारच्या वाडीतली, दाराबाहेर केळी आणि विहीर बघून वाढलेली. इथे दिवसभर भिंतीपलीकडून टिकटिक. कारखान्यांत कामाला आलेले लोक जुनी घड्याळं आणत, कुणाचं बापाचं, कुणाचं सासऱ्यानं लग्नात दिलेलं. “चाचा, गाँव से आके ले जाऊँगा,” म्हणून जात, आणि त्यातले बरेच परत येत नसत. हे ती घड्याळं मागच्या भिंतीवर खिळ्यांना टांगून ठेवत आणि रोज सकाळी एकेकाला चावी देत. चालतं ठेवलं नाही तर आतलं तेल घट्ट होऊन चाकं धरतात, म्हणायचे. त्यामुळे दुकान बंद ठेवणं नाही, कुठे जाणं नाही. माहेरी जायचं तर सकाळी जाऊन संध्याकाळी परत.

मी एकदा म्हणाले, “ही काय तुमची पोरं हायत?”

“पोरं बरी. त्यांना चावी द्यावी लागत नाय.”

माझंही एक घड्याळ होतं. बाबांनी लग्नात दिलेलं, बारीक, सोनेरी तबकडीचं. या घरात माझं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच. ते बंद पडलं तेव्हा यांच्याकडे दिलं. “घरचं काम शेवटी,” हे म्हणाले. बरेच महिने गेले. मग एका दुपारी आमचं जोरात भांडण झालं. मी म्हणाले, “माझं घड्याळ करून द्या. ते घालून मी माकुणसारला जाते, परत यायची नाय.” हे भिंग लावून खाली वाकले आणि म्हणाले, “पार्ट मिळत नाय.”

पुढे मी कधीही विचारलं तरी उत्तर तेच. बाबांची ती वस्तू टाकून मला जाववलं नाही. नंतर बाबा गेले, मी विचारायचंही सोडलं...

यांचे दिवस झाल्यावर मी पहिल्यांदा दुकानात एकटी शिरले. सगळी घड्याळं थांबली होती. मला ते सोसेना, म्हणून एकेकाला चावी देत गेले. शेवटच्या खिळ्यावर, मोठ्या घड्याळांच्या मागे, माझं होतं. सहज चावी दिली. ते चालू झालं.

दुरुस्ती झाली की हे झाकणाच्या आतल्या बाजूला सुईनं साल कोरत. टेबलावरच्या सुरीनं मी झाकण उघडलं. आत साल होतं, आमचा निलेश पहिलीत होता तेव्हाचं. भांडण झालं तेच साल. म्हणजे इतकी वर्षं रोज सकाळी हे माझ्या घड्याळालाही चावी देत होते, आणि आत येऊन चहा मागत होते.

राग आला. पण रागवायला समोर कुणी नव्हतं.

निलेश पालघरला असतो. परवा येऊन म्हणाला, “आई, दुकान सोडून देऊया. मामा न्यायला येतो म्हणतो. जा माकुणसारला, राहा हवं तेवढं. आता तुला अडवतंय कोण?”

घड्याळ माझ्या हातातच होतं. पट्टा मनगटाला लावून पाहिला, शेवटच्या भोकातही बसेना.

“मामाला सांग, लोक घड्याळं न्यायला यायचे हायत अजून.”

“कोण येणार हाय आता?”

मी घड्याळ परत त्याच्या खिळ्यावर टांगलं. आता सकाळी पडदा सरकवून मीच पुढे बसते. आधी लोकांच्या घड्याळांना चावी देते, मग माझ्या. घरचं काम शेवटी.