सा सोडलेली कॉर्ड

फोन कापूरहोळहून आला. "तुमचा माणूस स्टँडवर चक्कर येऊन पडलाय, लवकर या," एवढंच. मी पोचेपर्यंत दादा गेला होता. सगळे रडत होते, मीही रडत होते, पण डोक्यात एक किडा वळवळत होताच... सकाळी हा मला म्हणाला होता, गिरणीचा पट्टा आणायला जातो. पट्टा तर दिवाळीतच बदललेला! आणि उभा कुठं होता? पुण्याला जाणाऱ्या एसटीच्या रांगेत. गेलेल्या माणसावर संशय घेऊ नये म्हणतात. पण स्वभावाला औषध नाही, आणि माझा स्वभाव पहिल्यापासून हा असा.

आंबवड्यातली पिठाची गिरणी दादाची, आणि नवऱ्याचं घर सोडून मी माघारी आले तेव्हापासून माझीही. सकाळी बटण मी दाबायचे, दाणे तो ओतायचा. त्यानं लग्न केलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही; उत्तराची भीती वाटायची. भजनात पेटी वाजवायचा, तेवढीच त्याची चैन. मग गावात निखिल भाड्यानं राहायला आला, पुण्याचा, दिवसभर कॉम्प्युटरवर काम करणारा. एकदा दळण घेऊन आला तर खांद्याला गिटारचं पिल्लू. चार तारांचं. युकुलेले म्हणे. दादानं ते हातात घेतलं ते घेतलंच, पुढच्या महिन्यात स्वतःचं आणलं.

निखिल त्याला जॅझमधलं काहीबाही शिकवायचा. एका सुरावटीला डोरियन म्हणायचा. ती ऐकून दादा हसला, "आरं, ह्यो तर आमचा काफी राग!" मग दोघं तिच्यातून कॉर्ड बनवत बसायचे. एक सूर घ्यायचा, पुढचा सोडायचा, परत एक घ्यायचा, आणि घेतलेले सगळे एकदम छेडायचे. दादाचं मन एकाच कॉर्डवर बसलं. बोटं जिना उतरल्यासारखी लागायची, पहिल्या तारेवर तिसरा पडदा, मग दुसरा, मग पहिला, आणि शेवटची तार मोकळी. दिवसभर तेच. पण मीही पेटी ऐकतच वाढलेली. ग, प, नि, रे... माझ्या कानाला खटकलं.

"दादा, ह्यात सा कुठाय?"

"हाय की."

"मला तर ऐकू येत न्हाई."

"येईल, येईल," म्हणाला आणि कुणाची तरी ज्वारी ओतायला गेला.

ज्या माणसानं जन्मभर पेटीवर आधी सा धरला, तो आता सा सोडून वाजवतोय? ह्याचं मन इथून उठलंय, मी ताडलं. मग एकेक गोष्ट दिसायला लागली. रोज गिरणी सुरू झाली की हा तारांच्या खुंट्या पिळत बसायचा. निखिल म्हणायचा, "काका, मोबाईल दाखवतोय, तुमचे सूर जरा चढे आहेत." हा तसंच वाजवत राहायचा. लाईट गेली की सगळ्या गावाला वेळच वेळ, मी म्हणायचे, आता वाजव की निवांत. तर हा वाद्य खिळ्याला टांगायचा. "लाईट येऊ दे." आता बाई, लाकडाच्या वाद्याला लाईट कशाला लागती? घरी तर त्यानं ते कधी आणलंच नाही. माझ्यापासून लपवतोय, दुसरं काय!

तेराव्यानंतर मी गिरणी झाडत होते, तेव्हा निखिल भेटायला आला. मी सरळच विचारलं, "खरं सांगा, दादा कायमचा पुण्याला चालला होता ना?"

तो गोंधळला. "नाही हो मावशी. एक तार तुटायला आली होती, नव्या आणायला निघाले होते. मीच म्हटलं, चार दिवस राहा, माझ्या मित्रांबरोबर वाजवा. तर नको म्हणाले. तिथं माझी कॉर्ड लागत नाही म्हणाले."

तारांचं मला सांगितलं असतं तर मी शंभर प्रश्न विचारले असते, म्हणून पट्टा. ते एक वेळ कळलं. पण कॉर्ड लागत नाही, ही कसली सबब? बहीण गळ्यात पडलीय म्हणून राहिला बिचारा, एवढाच त्याचा अर्थ. निखिलनं खिळ्यावरून युकुलेले काढलं होतं, त्याच्यापुढं रडूही येईना.

तेवढ्यात शेजारच्या सुमनवहिनी बाजरीचा डबा घेऊन आल्या. "शकू, लावतीस का गं? घरात भाकरीपुरतंबी पीठ न्हाई." दादा गेल्यापासून गिरणी बंदच होती. मी उठले, बटण दाबलं. मोटर घुमायला लागली आणि निखिलनं सहज दादाचा तो बोटांचा जिना धरून तारा छेडल्या...

सा तिथं होता. मोटरच्या घुमण्यात. तारांचे चार सूर त्याच्यावर असे जाऊन बसले की अंगावर काटा आला. निखिलनं मोबाईल काढून बघितला, मोटरकडं बघितलं. "मावशी, काकांनी हे गिरणीच्या सुराला मिळवलंय हो!"

म्हणजे ती सबब नव्हतीच! मी मटकन पोत्यावर बसले आणि हंबरडा फोडला. सुमनवहिनी पाठीवरून हात फिरवत राहिल्या. त्यांना काय सांगणार, मला किती आनंद झाला होता ते!

युकुलेले अजून बटणाशेजारच्या खिळ्यालाच आहे. तेवढी एक कॉर्ड मी निखिलकडून शिकून घेतलीय. बोटं दुखतात, मधली तार बद्द वाजते. सकाळी बटण दाबते, पण दाणे लगेच ओतत नाही. गिऱ्हाईक ओरडतं, "अगं, रिकामी काय फिरवतीस? बिल येतं की!" येऊ दे. रोज हे बटण मीच दाबायचे, आणि तो वाद्य घेऊन उभा राहायचा, माझी वाट बघत... एवढं एकदा सांगितलं असतंस दादा, तर काय बिघडलं असतं? मी का तुझ्यावर संशय घेतला असता?

घेतला असता म्हणा.