वाळवणाचा कातळ पिवळा झाला तेव्हा

शहराच्या विकास आराखड्याचा मसुदा नगरपरिषदेच्या सभागृहाच्या भिंतीवर लावला होता. तो बघायला मी गेले तेव्हा आमच्या मोहल्ल्याच्या वरचा कातळ मला पिवळा दिसला. पिवळा म्हणजे रहिवास विभाग. तिथे घरं बांधता येतात, दुकान काढता येतं, शिवणकाम, पिठाची गिरणीसुद्धा चालते. उघड्यावर मासे वाळवता येत नाहीत. खाडीच्या अंगाला हिरवा, मिरजोळ्याच्या बाजूला कारखान्यांचा जांभळा, बाजारात निळा. रंगांच्या कडा इतक्या सरळ होत्या की त्या आखणाऱ्याने कधी उतारावर पाय ठेवला असेल असं वाटेना.

त्या कातळावर माझी अम्मा, माझी खाला, म्हणजे मावशी, आणि मोहल्ल्यातल्या आणखी दहा-पंधरा बायका सुकट, सोडे, बांगडे वाळवतात. पावसाआधी आगोटीला लोक घरात सुकी मासळी भरून ठेवतात, ती बहुतेक आमच्याकडची. उन्हात तापलेल्या काळ्या दगडाइतकी चांगली जागा दुसरी नाही. वाळूत मासळीला कचकच लागते आणि गच्चीवर शेजारी भांडतात. कातळ गेला तर अम्माचं काम गेलं, एवढं सरळ होतं ते.

मी लगेच ठरवलं की यात डाव आहे. मला तसंच वाढवलं गेलंय. अब्बा मच्छीमारांच्या मागण्यांची पत्रकं लिहीत. घरात गादीखाली, फडताळात, तांदळाच्या पिंपावर पत्रकं असत आणि मी अक्षरं त्यांवरच गिरवली. पत्रकात शत्रू पहिल्या ओळीत असतो. ‘बंधूंनो आणि भगिनींनो, अमुक लोकांचा कावा ओळखा.’ त्यामुळे मी नकाशासमोर उभी राहून अमुक कोण ते शोधू लागले.

पहिला संशय जमिनीच्या मालकावर. कातळाच्या खाली त्यांची हापूसची बाग आहे. कातळावर काही पिकत नाही, म्हणून त्यांच्या वडिलांच्या काळापासून बायकांना तिथे वाळवण घालायला कुणी हरकत घेतली नाही. रहिवास विभाग झाला की त्याच दगडाला सोन्याचा भाव. मी सरळ त्यांच्या अंगणात गेले. ते आंब्याच्या पेट्यांत गवत भरत होते.

“काका, तुम्ही अर्ज केला होता का, जागा पिवळी करा म्हणून?”

“बस आधी. कोकम घेतेस?”

“नको. अर्ज केला होता का?”

“नाही केला.” त्यांनी गवताची मूठ पेटीत दाबली. “पण झाली पिवळी तर मी रडत बसणार नाही, बाय. देवाने दिलं तर परत कोण पाठवतो?”

“मग आमच्या बायकांनी जायचं कुठे?”

“ते मला विचारू नको. रंग मी लावला नाही. आणि तुझा बाप असता तर आधी कोकम प्याला असता, मग भांडला असता.”

मी कोकम प्याले नाही. घरी येताना वाटत राहिलं, इतकं उघड बोलणारा माणूस खोटं बोलत असेल तर फारच पोचलेला असला पाहिजे. पण मन म्हणालं, पोचलेला असेलच.

दुसरा संशय उतारावरच्या नव्या इमारतीवर. तिथले लोक वासाने खिडक्या लावून घेतात. दोनदा त्यांच्यातल्या एकाने खालाला ऐकवलं होतं, “मावशी, हे जरा लांब नाही का करता येणार?” खाला म्हणाली होती, “तुम्ही लांब घर घेतलं असतंत तर लांबच होतं की.” तिथल्या दोघांना मी जिन्यात गाठून विचारलं. एकाला आराखडा लागला आहे हेच माहीत नव्हतं. दुसरा म्हणाला की तो भाड्याने राहतो. मी दोघांवरही विश्वास ठेवला नाही.

हरकत नोंदवायची मुदत होती. तेव्हा मी रोज संध्याकाळी सभागृहात जाऊन नियमावली वाचत बसायचे. एक गोष्ट मला तिथे कळली. नवा आराखडा हवेतून येत नाही. त्याआधी शहरभर माणसं फिरवून आज कुठे काय चालतं याची पाहणी होते, तिचा वेगळा नकाशा असतो, आणि त्यावरून पुढचे रंग ठरतात. तो नकाशाही बाजूच्याच भिंतीवर होता. पण तो मळकट, बारीक अक्षरांचा, त्यामुळे कुणी त्याच्यापुढे थांबत नव्हतं. मी आमचा कातळ शोधला. तिथे लिहिलं होतं: मोकळी जागा, वापर नाही.

वापर नाही! वर्षातले सात-आठ महिने तिथे पाय ठेवायला जागा नसते. कावळ्यांपासून राखायला बायका वरून जुनी जाळी घालतात, ती लांबून काळ्या शेतासारखी दिसतात. हे आंधळ्यालाही दिसलं असतं, निदान वासाने कळलं असतं. मला वाटलं, सापडला. कुणीतरी मुद्दाम लपवलंय.

घरी येऊन मी ओरडलेच. “अम्मा, पाहणी करणारे कातळावर आलेच नव्हते! घरात बसून लिहिलंय सगळं!”

अम्मा सोडे निवडत होती. “आले होते की.”

“कधी?”

“मागल्या वर्षी. दोघे होते. गळ्यात ओळखपत्रं, हातात यंत्र. आदल्या दिवशी फोन आला होता मोहल्ल्यात, साहेब येणार, हद्द दाखवायला कुणीतरी थांबा म्हणून.”

“मग त्यांना वाळवण दिसलं नाही?”

खाला उंबऱ्यात बसली होती. ती अभिमानाने म्हणाली, “दिसेल कसं? सगळं उचललं ना आम्ही! पहाटेपासून लागलो होतो. जाळी गुंडाळली, कातळ झाडला, दोन हंडे पाणी मारलं. सरकारी माणसं यायची आणि त्यांना मासळीच्या घाणीत उभं करायचं?”

“खुर्च्यापण नेल्या होत्या वर,” अम्मा म्हणाली. “शरबत दिलं. त्यातला एक म्हणाला, किती स्वच्छ जागा आहे, वारा किती छान.”

“मग तुम्ही सांगितलं का त्यांना, इथे आम्ही मासळी वाळवतो म्हणून?”

दोघी एकमेकींकडे बघू लागल्या.

“त्यांनी विचारलं नाही,” खाला म्हणाली. “पाव्हण्यांपुढे वासाचा विषय कोण काढतो गो?”

मी हसावं की भिंतीवर डोकं आपटावं कळेना. आमच्याकडे माणूस येणार म्हटलं की आधी मासळी आत जाते. सोयरीक बघायला आले तरी, मौलवी आले तरी, शाळेच्या बाई आल्या तरी. वास म्हणजे गरिबी, असं आमच्या बायकांना कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या शिकवलंय. रागाने मी त्या शिकवणाऱ्यांवर मनात एक अख्खं पत्रक लिहिलं. पण त्या पत्रकाच्या पहिल्या ओळीत नाव घालायला कुणी मिळेना.

हरकत दाखल झाली. सुनावणीला मी, अम्मा आणि खाला गेलो. टेबलापलीकडच्या अधिकाऱ्याने मळकट नकाशा उलगडला आणि बोट ठेवलं. “इथे वापर नाही अशी नोंद आहे. आम्ही नोंदीवर चालतो.”

“नोंद झाली त्या दिवशी बायकांनी जागा साफ केली होती,” मी म्हणाले.

“का?”

अम्मा म्हणाली, “तुमच्यासाठी, साहेब.”

ते हसले नाहीत. तोंड पुसल्यासारखं केलं आणि स्थळपाहणीला येतो म्हणाले. दिवसही सांगितला. मला ते आवडलं नाही. आधी कळवून येणारा माणूस आता मला धोक्याचा वाटू लागला होता.

आणि झालंही तसंच. त्या दिवशी सकाळी मी वर गेले तर खाला पदर खोचून झाडू मारत होती. एक कोपरा लख्ख झाला होता. बांगडे टोपलीत भरलेले.

“खाला! काय करतेस?”

“सगळं नाही गो. फक्त साहेब उभे राहतील तेवढं.”

“ते जिथे उभे राहतील तिथेच मासळी पाहिजे!”

“बुटाखाली येईल ती. आणि ते काय म्हणतील, ही कसली माणसं?”

“म्हणू देत.”

“तुला काय, तू लिहून मोकळी. तोंड आम्हाला दाखवायचंय.”

हे खरं होतं. तेवढ्यात अम्मा वर आली. तिने झाडलेला कोपरा बघितला, टोपली उचलली आणि बांगडे त्याच कोपऱ्यात ओतले. खाली वाकून एकेक पसरू लागली. “आज साहेब उभे राहणार नाहीत,” ती म्हणाली. “बाजूने चालतील.”

खालाने झाडू टाकला. मग तीही वाकली, पण तिचा चेहरा लाल झाला होता आणि ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

साहेब आले, नाकाला रुमाल लावून. मालक काकाही आले आणि बागेच्या दगडी गडग्याला टेकून उभे राहिले. कुणी खुर्ची आणली नाही. साहेबांनी फोटो काढले, जाळी उचलून बघितली. “हे कधीपासून चालतं?” त्यांनी विचारलं.

मी काकांकडे बघितलं. त्यांनी नाही म्हटलं असतं तर आमच्याकडे कागद नव्हता. त्यांनी गडग्यावरचा एक सुटा दगड नीट बसवला. “माझ्या बापाच्या वेळेपासून,” ते शेवटी म्हणाले आणि बागेत निघून गेले. ते असं का बोलले हे मला अजून कळलेलं नाही. कदाचित त्यांना दुसरं काही हवं असेल.

सुधारित आराखड्यात तो पिवळा तुकडा गेला. तिथे मासळी सुकवण्याची जागा असं लिहून आलं. मी अम्माला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “म्हणजे आता वाळत घालायचं?” मी हो म्हटलं. “मग तेच तर करत होतो,” ती म्हणाली आणि कामाला लागली. आराखड्यावर वरची मंजुरी अजून यायची आहे, हे मी तिला दोनदा सांगितलं. तिने दोनदा मान हलवली.

गेल्या आठवड्यात दोन अनोळखी माणसं कातळावर आली. तीन पायांवर यंत्र उभं केलं आणि त्यातून खाडीकडे बघू लागली. मी विचारलं, काय चाललंय. “रस्त्याची मोजणी,” एक म्हणाला. कुठला रस्ता? “ते वर माहीत.” खाला सवयीने जाळी गोळा करायला उठली. या वेळी मी काही बोलायच्या आत अम्माने तिचा हात धरला आणि तिला खाली बसवलं. दोघी सुकट पालथी करत राहिल्या. वारा त्या माणसांच्या दिशेने होता. ती माणसं यंत्र आवरून जाईपर्यंत मी तिथून हलले नाही.